मी 60 टक्के दिव्य आहे

माझं जुनं सर्टिफिकेट सिव्हिल हॉस्पिटलचं होतं, टाइप केलेलं, घडीवर फाटलेलं, त्यावर लिहिलं होतं अस्थिव्यंग, उजवा पाय, अपंगत्व 60 टक्के, कायम स्वरूपी. ते देऊन नवं ऑनलाइन कार्ड काढायचं म्हणून दादासोबत बसून फॉर्म भरत होते, तर त्या फॉर्मवर सगळीकडे दिव्यांग, दिव्यांगत्वाचा प्रकार, दिव्यांगत्वाची टक्केवारी. दादानं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाला, अगं म्हणजे तू 60 टक्के दिव्य आहेस, उरलेली 40 टक्के आमच्यासारखी. आम्ही खूप हसलो. पण मग फॉर्म भरताभरता मला वाटलं की हा जोक नाहीच मुळी, हा शब्दाचाच प्रॉब्लेम आहे, शब्द नीट बसत नसला की असे जोक आपोआप होतात.

बघा ना, अपंगत्व मोजता येतं. पाय किती वाकतो, जोर किती आहे, डॉक्टर मोजतात आणि आकडा लिहितात, 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सवलती मिळतात. दिव्यत्व कसं मोजणार? पेपरमध्ये बातमी येते की कारखान्यातल्या अपघातात कामगाराला कायमचं दिव्यांगत्व आलं. आलं! मशीनमध्ये हात गेला आणि दिव्यांगत्व आलं. सरकारी पत्रकात असतं की वेळेवर लसीकरण करून दिव्यांगत्व टाळा, म्हणजे दिव्य होण्यापासून लेकरांना वाचवा. तात्पुरतं दिव्यांगत्व असतं. बोगस दिव्यांगही असतात, 2024मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएसच्या प्रकरणात महिनाभर टीव्हीवर हाच शब्द ऐकला. ज्या शब्दाला टाळा, आलं, बोगस, तात्पुरतं यातलं काहीही जोडलं की वाक्य हास्यास्पद होतं तो शब्द त्या गोष्टीचं नाव नसतो, तो त्या गोष्टीवर टाकलेला टॉवेल असतो.

हा शब्द कुठून आला हे बऱ्याच जणांना आठवत असेल. 27 डिसेंबर 2015ला पंतप्रधानांनी मन की बातमध्ये सुचवलं की विकलांगऐवजी दिव्यांग म्हणूया, कारण आपल्याला यांच्यात काय कमी आहे ते दिसतं पण जवळ गेलं की कळतं यांच्याकडे एखादी जास्तीची शक्ती असते. हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाहीये. हिंदीत विकल काढून दिव्य घातलं, ऐकायलाही जुळतं. पुढच्याच वर्षी अपंगांसाठी असलेल्या केंद्राच्या खात्याचं हिंदी नाव बदललं, 2016चा कायदा आला तो इंग्रजीत पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज आणि हिंदीत दिव्यांगजन. आता हे दोन एकाच कायद्याचे दोन पाय आहेत असं म्हटलं तर एक पाय जमिनीवर आणि एक ढगात. (हे मला म्हणायचा हक्क आहे, माझे दोन पाय असेच आहेत.)

पण मराठीत आपण विकलांग फारसं म्हणतच नव्हतो, आपण अपंग म्हणत होतो. त्याला कोणाची तक्रार होती, कोणी विचारलं, काही माहीत नाही, एका रात्रीत पुण्याचं अपंग कल्याण आयुक्तालय दिव्यांग कल्याण झालं, महामंडळाच्या पाट्या बदलल्या, 3 डिसेंबरचा जागतिक अपंग दिन दिव्यांग दिन झाला. अपंग हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांनी तेव्हाच पत्रं लिहून सांगितलं होतं की हा शब्द नको. 2019मध्ये युनोच्या अपंग हक्क समितीनं भारताबद्दल जी निरीक्षणं दिली त्यातही या शब्दाबद्दल नाराजी आहे. पण पाट्या रंगवून झाल्या होत्या.

आता मला जे मुख्य म्हणायचंय ते हे की मराठीत दिव्य या शब्दाचा अर्थ हिंदीसारखा सरळ नाही. आपल्याकडे दिव्य दृष्टी, दिव्य तेज वगैरे आहेच, पण दिव्य करणं म्हणजे काय? जुन्या काळी न्यायनिवाड्यात खरंखोटं ठरत नसलं की दिव्य करायला लावायचे. रवा दिव्य असायचं, उकळत्या तेलातुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा, हात भाजला की तू खोटा. तिथून आपण आजही म्हणतो की मोठं दिव्य करून आलो, केवढ्या दिव्यातून गेली बिचारी. शिवाय टोमणा मारायला तर हा शब्द हाताशीच असतो, काय दिव्य लोक आहेत, काय दिव्य ज्ञान पाजळलंय. म्हणजे मराठी माणसाच्या कानात दिव्यचे तीन अर्थ वाजतात, देवाचं, छळाचं आणि टिंगलीचं, आणि दिव्यांग म्हटल्यावर त्यातला कुठला वाजेल हे समोरच्यावर आहे.

माझ्यापुरतं सांगायचं तर दुसरा अर्थ अगदी परफेक्ट बसतो. एसटीची पहिली पायरी हे दिव्य आहे. तिकिटात 75 टक्के सवलत आहे, ती मी घेते, पण ती सवलत घ्यायला आधी गाडीत चढावं लागतं, आणि ती पायरी माझ्या गुडघ्याच्या वर असते, एका हातात कुबडी एका हातात दांडा, मागून लोक ढकलतायत, पुढून कंडक्टर चला चला. सर्टिफिकेटसाठी तालुक्याहून जिल्ह्याला जाणं, ठरलेल्या वारीच डॉक्टर असणं, त्या वारी डॉक्टर नसणं, हे दिव्य आहे. पाय खोटा नाहीये हे सिद्ध करायला पन्नाशीला आलेल्या बाईनं परत एकदा सलवार वर करून टेबलावर बसायचं, म्हणजे अक्षरशः जुन्या अर्थाचंच दिव्य झालं की, तुकडा काढून दाखव मग मानू. या अर्थानं कोणी मला दिव्यांग म्हणत असेल तर माझी काही हरकत नाही. अंगाला रोज दिव्य करावं लागतं ती दिव्यांग.

पण सरकारला हा अर्थ अभिप्रेत नाही. सरकारला पहिला अर्थ हवाय, आणि पहिल्या अर्थात एक सोय आहे. देवाघरच्या माणसाला रॅम्प कशाला लागेल? त्याच्यात जास्तीची शक्ती आहे, तो चढेल, आणि चढला की आपण व्हिडिओ काढून व्हॉट्सअपवर फिरवू, बघा हे असूनही रडत नाही, तुम्ही काय रडता. लहानपणापासून आपण ऐकलेलं असतं, मूकं करोति वाचालं पंगुं लंघयते गिरिम्, देवाची कृपा झाली की मुका बोलतो आणि पांगळा डोंगर ओलांडतो. प्रार्थना म्हणून छान आहे. पण बांधकाम खात्यानं त्याच्यावर विसंबून राहू नये.

रॅम्पचं निघालंच आहे तर थोडं सांगते, कारण याच्यावर लोक फार कमी बोलतात. नियम साधा आहे, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबीचा उतार. म्हणजे तीन फुटी जोत्याला छत्तीस फूट रॅम्प लागतो, मधे टेकायला सपाट जागा, दोन्हीकडे कठडा. आपल्याकडे तीन फुटी जोत्याला आठ फुटाची घसरगुंडी करतात, वर चकचकीत टाइल्स लावतात, बाजूला व्हीलचेअरचं निळं चित्र काढतात आणि फोटो घेतात. मग तिथं टू व्हीलर लागतात. टू व्हीलर चढवायला तो उतार खरंच चांगला असतो. 2016च्या कायद्यात आहे की नियम आल्यापासून पाच वर्षांत सगळ्या सार्वजनिक इमारती वापरता येतील अशा करायच्या. नियम आले जून 2017मध्ये, पाच वर्षं संपली 2022मध्ये. एका अंध माणसानं रस्ते आणि इमारती वापरता याव्यात म्हणून 2005मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका घातली होती, तिच्यात 8 नोव्हेंबर 2024ला कोर्टानं म्हटलं की हे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान काही गोष्टी सक्तीच्या करा, तीन महिन्यांत करा. एकोणीस वर्षं गेली तिथपर्यंत यायला. आणि शब्द? तो रेडिओवरच्या एका भाषणानं बदलला. शब्दाला सिमेंट लागत नाही.

कोणी म्हणेल मग सगळेच बदललेले शब्द वाईट का, आंधळा पांगळा लंगडी असंच म्हणत राहायचं का. नाही, आणि इथं जरा थांबून बघायला पाहिजे. आपण पूर्वी मूकबधिर म्हणायचो, आता कर्णबधिर म्हणतो. हा बदल मला शंभर टक्के मान्य आहे, कारण तो बदल गोड नाहीये, तो बरोबर आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याचा आवाज गेलेला नसतो, बोलणं कानावर पडलंच नाही म्हणून ते आलेलं नसतं, शिवाय खुणांची भाषा ही पुरी भाषा आहे, ती बोलणाऱ्याला मुका म्हणणं हे सरळ सरळ चूक होतं. मूक काढला आणि माहिती सुधारली, लहानपणीच कान तपासले पाहिजेत हे लोकांना कळायला लागलं. तसंच महारोगी. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं त्या संस्थेच्या नावात आजही महारोगी सेवा समिती आहे, तेव्हा तोच शब्द होता. आता आपण कुष्ठरुग्ण म्हणतो, बरा झालेल्याला कुष्ठमुक्त म्हणतो. कुष्ठमुक्त या शब्दात केवढी बातमी आहे बघा, की हा रोग बरा होतो, या माणसापासून तुम्हाला काही होणार नाही, त्याची बोटं गेली आहेत ती परत येणार नाहीत पण रोग गेलाय. असा शब्द आला की मी टाळ्या वाजवते.

दिव्यांग या शब्दातून नवीन काय कळतं? काहीच नाही. उलट जे कळत होतं तेही जातं. 2016च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, आधीच्या 1995च्या कायद्यात सातच होते, हे खूप मोठं काम झालंय आणि ते मान्य केलंच पाहिजे. त्या 21मध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, गडचिरोली नंदुरबारकडे विचारा सिकलसेलच्या दुखण्यानं माणूस कसा कळवळतो ते. त्यात पार्किन्सन्स आहे. ॲसिड हल्ल्यात भाजलेल्या व्यक्ती आहेत. नकार दिला म्हणून कोणीतरी जिचा चेहरा जाळला त्या मुलीला आपण सांगणार की तुझं अंग दिव्य आहे? मला वाटतं ज्यांनी हा शब्द सुचवला त्यांच्या डोळ्यापुढे गाणारा अंध गायक किंवा पायानं चित्र काढणारा मुलगा असणार, आणि तेवढ्यावर सगळ्यांचं बारसं झालं.

महाराष्ट्रात तर याची पुढची गंमत झाली. एप्रिल 2023मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी एक पत्र काढलं, की विधवा शब्दाऐवजी गंगा भागीरथी म्हणता येईल का त्याचा प्रस्ताव तयार करा. आणि दाखला कशाचा दिला, तर पंतप्रधानांनी दिव्यांग शब्द दिला त्यामुळे त्या लोकांना सन्मान मिळाला, तसंच हे. म्हणजे बघा हा शब्द आता नमुना झालाय, याच्यावर पुढचे कपडे बेतायचे. गं. भा. हे काही नवीन नव्हतंच, लग्नपत्रिकेत सौ. कोण आणि गं. भा. कोण हे आधीपासून छापतातच, कुणाचं कुंकू आहे आणि कुणाचं गेलंय हे पाहुण्यांना कळावं म्हणून. लोकांनी भरपूर झोडलं, मग मंत्र्यांनी सांगितलं की नुसती चर्चा होती. त्याच्या वर्षभर आधीच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला होता की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. शब्द तोच ठेवला, विधवाच, बांगड्या मात्र हातात राहिल्या. मला यातलं कुठलं आवडलं हे वेगळं सांगत नाही.

हरिजन शब्दाचं तर आपल्याला माहीतच आहे. गांधीजींचं मन स्वच्छ होतं याबद्दल वाद नको, त्यांनी 1933मध्ये पुण्यातून त्याच नावाचं साप्ताहिकही सुरू केलं. पण ज्यांना हे नाव दिलं त्यांना ते नको होतं, 1938मध्ये मुंबईच्या विधिमंडळात विधेयकात हा शब्द आला तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाचे सभासद निषेध करून उठून बाहेर गेले. शेवटी 1982मध्ये केंद्रानं सांगितलं की दाखल्यावर हरिजन लिहू नका. जात आणि शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी त्या एका मापानं मोजत नाहीये, पायानं अधू असणं आणि माणसांनी शतकानुशतकं बाहेर ठेवणं यात फरक आहे. पण देवाचं नाव चिकटवून वरून दिलेला शब्द आणि ज्याचं त्यानं खालून निवडलेला शब्द यातला फरक तिथं जसा दिसतो तसा दुसरीकडे दिसत नाही. दलित हा शब्द गोड आहे का? मुळीच नाही, तुडवलेला असा अर्थ आहे, आणि तो लोकांनी स्वतः उचलून छातीवर लावला.

आता माझ्या विरुद्धची बाजू. आमच्या तालुक्याच्या स्टँडबाहेर एक मुलगा तीनचाकी स्कूटरवर मोबाइलची कव्हरं विकतो, त्याच्या स्कूटरच्या मागे त्यानं मोठ्या अक्षरात दिव्यांग असं रंगवून घेतलंय, बाजूला मोरपीस. मी त्याला एकदा म्हटलं, काय रे तुला आवडतो का हा शब्द. तो म्हणाला, ताई, आधी पोलीस मला ए लंगड्या गाडी काढ म्हणायचे, आता अहो दिव्यांग गाडी घ्या बाजूला म्हणतात, गाडी काढावीच लागते पण अहो आलं ना. याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्या अहोची किंमत मी घरात बसून ठरवणार नाही, ज्याला हा शब्द हवा त्याला मी दिव्यांगच म्हणणार. फक्त एवढंच विचारावंसं वाटतं की तो अहो शब्दामुळे आला की 2016च्या कायद्यात अपंग व्यक्तीचा जाहीर अपमान हा गुन्हा ठरला त्यामुळे आला, की त्या पोरानं स्कूटर घेतली आणि धंदा टाकला त्यामुळे. मुरलीकांत पेटकरांनी 1972ला हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक आणलं तेव्हा त्यांना अपंगच म्हणत होते. सैनिक माणूस, 65च्या युद्धात गोळ्या लागलेल्या, तो पाण्यात हात मारून पुढे गेला.

आणि लोक शब्द कसे वापरतात ते बघायचं असेल तर मुंबईची लोकल. मी अकरा वर्षं डोंबिवली दादर केलंय त्या डब्यातून. आमचे कॅन्सरचे पेशंट, आमचे अंध मित्र, आमच्या गरोदर बायका, धडधाकट घुसखोर, सगळे त्याला हँडीकॅप डबाच म्हणतात. ए हँडीकॅपला ये, मी हँडीकॅपला आहे. दिव्यांग डब्यात ये असं मी एकदाही ऐकलं नाही. मला हँडीकॅप शब्दही फार आवडतो असं नाही पण त्याच्यात निदान जागा कुठे मिळेल हे कळतं. तसंही नवीन शब्द किती दिवस नवीन राहतो? मतिमंद हा शब्द कधीकाळी सभ्य म्हणून आला, मग त्याची शिवी झाली, मग गतिमंद, मग स्पेशल, आणि आता शाळेच्या ग्राउंडवर पोरं एकमेकांना काय रे स्पेशल आहेस का म्हणतात. कॉलेजातली पोरं एकमेकांना दिव्यांगे म्हणून हाक मारताना मी परवाच रिक्षात ऐकलं. तिरस्कार जिथं होता तिथंच असतो, तो फक्त नवी चप्पल घालतो.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, म्हणी बदला म्हणणारे. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणू नका, आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं म्हणू नका. मग काय दिव्यांग दळतं म्हणायचं? राहू द्या हो म्हणी. नाथांच्या भारुडात मुका, बहिरा, आंधळा, पांगळा सगळे येऊन स्वतःबद्दल बोलतात, आणि ते ऐकताना आपल्याला कळतं की बोलतोय तो आपल्याच बद्दल. माझ्या समोर कोणी लंगडी सबब म्हटलं तर मला राग येत नाही. बँकेत मॅनेजर माझ्याशी न बोलता माझ्या भाचीला विचारतो की यांना सही करता येते का, तेव्हा येतो. आणि त्याच्या टेबलावर दिव्यांग ग्राहकांना प्राधान्य अशी पाटी असते.

मला स्वतःला कोणी विचारलं तर मी अपंग म्हणते, सरळ. फॉर्मवर दिव्यांग लिहिते कारण तिथं दुसरा पर्याय नसतो. पण खरं तर आमच्या घरात एक तिसराच शब्द होता. मला 1978मध्ये दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, कराडजवळच्या गावात डोस पोचलेच नव्हते तेव्हा. गावातली पोरं लंगडी म्हणायची, मास्तर अपंग म्हणायचे, आजी मात्र म्हणायची, पोर पायानं अधू आहे. आपल्या भाषेत हे किती सहज आहे, पायानं अधू, नजरेनं अधू, कानानं अधू. पोर अधू नाही, पोर पायानं अधू. जे काही कमी आहे ते पायात आहे, तिथंच ठेवायचं, माणसावर पसरू द्यायचं नाही. इंग्रजीतल्या लोकांनी व्यक्ती आधी अपंगत्व नंतर असं बोलायला शिकवण्यासाठी चळवळ केली, माझ्या आजीला ते तृतीया विभक्तीत जमत होतं.

नवीन घर बांधायला काढलं तेव्हा मी सात वर्षांची असेन. गवंडी जोत्याला नेहमीसारख्या उंच पायऱ्या घालत होता. आजी तिथं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, पोर पायानं अधू आहे रे, पायऱ्या बुटक्या कर, दोन जास्त लागल्या तर लागू दे. तो म्हणाला अहो आजी अंगण जाईल. ती म्हणाली जाऊ दे. बुटक्या पायऱ्या आहेत अजून, चार चार बोटं उंचीच्या, येणाराजाणारा हसतो की ही काय खेळण्यातली घरं का. आता आईचे दोन्ही गुडघे गेलेत, तीच जास्त वापरते त्या.